झापडं शेवटी

तोफेच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत. बाकीची दोन कुठे गेली हे कुणी विचारू नये, कारण तो नुसतं सांगत नाही, विचारणाऱ्याच्या हाताला चामड्याची वादी गुंडाळून आवळून दाखवतो. पंचविशीत असताना असाच लगाम हाताला गुंडाळून बग्गीवर बसला होता. रस्त्याकडेच्या एका शहाण्याने घोड्याच्या पायाशी पेटता फटाका टाकला, घोडा उधळला, आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट लगामाबरोबर निघून गेलं. तोफेने उरलेल्या हाताने घोडा आवरला, बग्गीतल्या नवराबायकोला नीट उतरवून दिलं, मग रस्ताभर रक्त सांडत मागे चालत गेला आणि त्या शहाण्याचे पुढचे दोन दात पाडले. "माझी दोन, त्याचे दोन. फिटंफाट," असं तो अजून म्हणतो.

तोफ हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. खरं नाव मतदारयादीत असेल, पण तिथेही कुणी ते वाचायला गेलेलं नाही. चव्वेचाळीस वर्षं बग्ग्या हाकल्या, आणि तेवढीच वर्षं माणसं झोडली. घोड्याला त्याने जन्मात शिवी दिली नाही आणि माणसाला शिवीशिवाय हाक मारली नाही. घोड्याच्या तोंडावर चाबूक ओढणाऱ्या एका कोचमनचं नाक त्याने त्याच चाबकाच्या मुठीने मोडलं होतं. चुकलेल्या घोड्याला गूळ द्यावा आणि चुकलेल्या माणसाला ठोसा, हे त्याचं तत्त्वज्ञान. ज्यांनी ठोसा खाल्ला नव्हता ते यावर हसायचे.

पोटापाण्याच्या बग्ग्या कधीच संपल्या. त्या उभ्या राहायच्या त्या चौकात आता मोटारी लावतात. पण वर्षातून एकदा जुन्या बग्ग्यांचा दिवस असतो. सकाळी पंधरा-वीस बग्ग्या चकाचक होऊन शहरातून फिरतात, लोक गच्च्यांवरून हात हलवतात, आणि म्हातारे नातवंडांना "आम्ही यातूनच शाळेत जायचो" असं बिनदिक्कत खोटं सांगतात. खरा मामला दुपारी मैदानावर. तिथे लाकडी खुंट्यांच्या वीस जोड्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येक खुंटीवर एक चेंडू. दोन खुंट्यांमधलं अंतर दोन चाकांमधल्या अंतरापेक्षा वीतभरच जास्त. घोडा पळवत या वीसही दारांतून बग्गी काढायची. चेंडू कमीत कमी पाडेल त्याला बग्गीचा एक जुना पितळी कंदील वर्षभर दारात लावायला मिळतो. तो कंदील अकरा वर्षं तोफेच्या दारातून हलला नव्हता.

आता झापडांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. घोड्याच्या डोळ्यांशेजारची चामडी झापडं लगामाच्या डोक्यावरच्या पट्ट्यांनाच शिवलेली असतात. लगाम डोक्यावरून उतरवला की झापडंही उतरतात. गाडीच्या घोड्याला आयुष्यभर मागून चाकांचा आवाज येतो, पण मागे नक्की काय आहे हे त्याने कधी पाहिलेलं नसतं. गाडी जुंपलेली असताना कुणी झापडं काढली, तर त्याला पहिल्यांदाच दिसतं की आपल्या पाठीशी काहीतरी प्रचंड उभं आहे. तो पळतो. ते त्याच्यामागे पळतं. मग तो भिंत येईपर्यंत थांबत नाही.

म्हणून घोडा सोडायची रीत ठरलेली आहे. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं. आधी घोड्याला गाडीशी जोडणारे ओढायचे पट्टे सोडायचे, मग गाडी मागे ढकलायची, झापडं शेवटी. आणि झापडांना हात लावण्याआधी ओरडून विचारायचं, "सुटले?" पलीकडून "सुटले" असं कानावर पडल्याशिवाय हात वर न्यायचा नाही. तोफेकडे शिकायला येणाऱ्याला हे रोज सकाळी म्हणावं लागे. "आधी काय?" "पट्टे." "मग?" "गाडी मागे." "मग?" "झापडं." तोंडपाठ असूनही हात चुकला तर थप्पड. पुढे बग्ग्यांचा दिवस भरवणाऱ्या मंडळाची नियमावली करायची वेळ आली तेव्हा त्यातलं सातवं कलम तोफेनेच सांगून लिहून घेतलं: दोष घोड्याचा असेल तर घोडा जाईल, माणसाचा असेल तर माणूस जाईल. घोडा जाईल म्हणजे गोळी. माणूस जाईल म्हणजे जन्मात पुन्हा लगामाला हात लावायचा नाही.

चार वर्षांपूर्वी याच मैदानावर त्याची एकुलती एक लेक त्याच्या समोरच्या बाजूला उभी होती. बायको लवकर गेलेली, पोरगी घोड्यांतच वाढलेली. तेव्हा बावीसची होती. घोडी काजळी, काळीभोर, तेव्हा नवीनच. लेकीने "सुटले?" म्हणून विचारलं आणि उत्तर यायच्या आत तिचा हात काजळीच्या कानामागच्या पट्ट्यावर गेला. काही झालं नाही. पट्टा उघडलासुद्धा नव्हता. तोफ गाडीला वळसा घालून आला आणि त्याने उजव्या हाताने, सगळी ताकद लावून, तिच्या कानाखाली वाजवली. ती चाकावर आपटून खाली पडली. आजूबाजूला दोनशे माणसं होती. ती उठली, कपडे झटकले आणि चालत जाऊन काकाच्या बग्गीत बसली. ती घरी आलीच नाही.

काका म्हणजे तोफेचा धाकटा भाऊ, बग्ग्यांची चाकं बनवणारा. एका आईच्या पोटी एवढा फरक कसा, असं लोक विचारायचे. धाकट्याचा आवाज करवतीपेक्षा मोठा नव्हता. पुतणीला त्याने घरात ठेवून घेतलं, आपली बग्गी हाकायला दिली, आणि थोरल्याशी बोलणंही चालू ठेवलं. एकदा तो हळूच म्हणाला होता, "दादा, एकदा येऊन भेट तिला. तिच्या..." तोफेने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "माझा हात चुकला नाही," तो म्हणाला. "एक थप्पड पडली आणि एक घोडा वाचला. तिला कळलं तर ती येईल." चार वर्षांत बापलेक एकमेकांशी शब्द बोलले नाहीत. मैदानावर ती समोरून गेली की तोफ तिच्या बसण्यातल्या चुका काढायचा. "मान बघा कशी वाकडी. तोंड डावीकडे करून बसते. हे मी शिकवलेलं नाही."

या वर्षी तिने त्याला हरवलं. एका चेंडूने. त्याचे दोन पडले, तिचा एक. शेवटच्या दारात त्याचं मागचं चाक खुंटीला निसटतं घासलं आणि चेंडू जरा विचार करून खाली पडला. लोकांनी आधी तोफेकडे बघितलं आणि मग टाळ्या वाजवल्या.

काजळीला घेऊन तो मैदानाच्या कडेला आला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे लाल झालं होतं. घोडी सोडायला धाकटा धावत आला, कारण थोरल्याच्या पलीकडच्या बाजूला उभं राहायला आता दुसरं कुणी तयार नसे. धाकटा चाक आणि बग्गीची पुढची दांडी यांच्यामधे वाकून पट्टा सोडायला लागला. घामाने चामडं फुगलं होतं, कडी निघत नव्हती. तेवढ्यात कठड्याला टेकलेला दाणेवाला, जो घोड्यांना हरभरा पुरवतो आणि माणसांना टोमणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तोफेत दारू ओली भरली होती वाटतं यंदा."

तोफेने मान वळवली आणि शिव्यांना सुरुवात केली. दाणेवाल्याच्या आईपासून आज्यापर्यंत पोचला. तोंड तिकडे होतं आणि हात इकडे आपलं काम करत होते. चव्वेचाळीस वर्षांचे हात, त्यांना डोळे लागत नाहीत. त्यांनी आपल्या बाजूचे पट्टे सोडले, गळ्याखालचं बक्कल सोडलं, आणि काजळीच्या कानांवरून लगाम उतरवला. "सुटले?" हे त्याने विचारलंच नाही. त्याचं तोंड शिव्यांत गुंतलं होतं.

काजळीने मान फिरवून मागे बघितलं.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तोफेने कधी ऐकला नव्हता. ती उभ्या जागेवरून उडाली. एका बाजूचा पट्टा सुटलेला, त्यामुळे बग्गी तिरपी झाली आणि डावं चाक धाकट्याच्या पायावरून गेलं. हाड मोडल्याचा आवाज तोफेला स्पष्ट ऐकू आला, वाळक्या फांदीवर पाय पडावा तसा. पुढे चहाचं टेबल होतं. ते बंबासकट उडालं आणि उकळतं पाणी चहावालीच्या छातीवर पडलं. बँडवाल्यांपैकी एकजण बाजूला व्हायच्या ऐवजी हात पसरून आडवा उभा राहिला. दांडीने त्याच्या गळ्याखालचं हाड मोडून त्याला खुर्च्यांच्या रांगेत फेकलं. लोक किंचाळत पांगले, आणि जितके किंचाळले तितकी काजळी अजून पळाली, आणि जितकी ती पळाली तितकी बग्गी तिच्या अंगावर आली. तिने दोनदा मागे लाथा घातल्या. बग्गीचा पुढचा फळा फुटला, तिचे मागचे पाय त्यात अडकून सोलले गेले. मग मैदानाची दगडी भिंत आली. बग्गीच्या चिंधड्या झाल्या, दांडी मधोमध मोडली आणि तिचं टोक काजळीच्या खांद्यात बोटभर घुसलं.

ती तशीच उभी राहिली, थरथरत, रक्ताने न्हालेली. तोफ पोचला तेव्हा तिने त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. त्याने हात सोडवला नाही. दुसऱ्या हाताने सदरा काढून तिच्या डोळ्यांवर टाकला आणि ती शांत होईपर्यंत तिच्याशी बोलत राहिला.

मंडळाच्या अध्यक्षा, जन्मभर मुख्याध्यापिका असलेल्या बाई, धापा टाकत आल्या. त्यांनी विचारलं, "झापडं कशी निघाली?"

तोफेच्या मनात काही यायच्या आत तोंडातून उत्तर आलं. "तिनेच काढली. माझ्या खांद्यावर डोकं घासलं आणि निघाली."

लगाम अजून त्याच्याच हातात होता. पण घोडी पळाली की मागे राहिलेल्या वस्तू कुणीतरी उचलतोच, म्हणून त्याचा कुणाला संशय आला नाही. झापडं निघाली तेव्हा सगळे जिंकलेल्या लेकीच्या बग्गीकडे बघत होते आणि दाणेवाला शिव्या चुकवायला कठड्याखाली वाकला होता. शिवाय तोफ झापडं आधी काढेल, हे कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. धाकट्याचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला होता. तो वजनं बांधून वर टांगून ठेवला होता.

"जन्मभर चाकं बनवली," धाकटा म्हणाला. "चाकाखाली यायचं तेवढं बाकी होतं."

तोफ हसला नाही.

"दादा, झापडं कशी रे निघाली?"

"घासून काढली तिने."

"तुझं बक्कल सैल होतं? तुझं?"

"सांगतोय ना. घासून काढली."

धाकट्याने छताकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला. त्याने आरडाओरडा केला असता तर तोफेला बरं वाटलं असतं, पण धाकट्याला ते जमत नव्हतं.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. दंडावरचा चावा ठणकत होता. काजळी गेली तर दुसरी घोडी मिळेल, असं त्याने स्वतःला सांगून बघितलं. लगाम गेला तर काय मिळेल, याचं उत्तर सापडलं नाही. त्याला भीती वाटत होती. साठी उलटलेल्या, दोन बोटं गमावूनही न रडलेल्या माणसाला आपण उद्यापासून कोण असू याची भीती वाटत होती.

सकाळी नऊ वाजता तबेल्याच्या अंगणात मंडळ जमलं. पशुवैद्याने काजळीचा खांदा आदल्या दिवशीच शिवला होता. तो म्हणाला, "जखमेने मरणार नाही ही. दोन महिन्यांत उभी राहील." मग त्याने पिशवीतून आखूड नळीची बंदूक काढून कट्ट्यावर ठेवली, कारण त्याला त्यासाठीच बोलावलं होतं. काजळी खुंट्याला बांधलेली होती आणि पुढ्यातला चारा तिने हुंगलाही नव्हता.

अध्यक्षाबाईंनी नियमावली उघडली. "तीन माणसं जखमी आहेत. डोकं घासून झापडं काढायची खोड लागलेली घोडी पुन्हा माणसांत आणता येणार नाही. सातवं कलम तुम्हीच लिहून घेतलंत. तुमचं म्हणणं तेच आहे ना?"

तोफेने मान हलवली. हो की नाही ते कळेल अशी ती नव्हती.

तेव्हा फाटकातून लेक आली. तिच्या हातात कालचा लगाम होता, तोफेने मैदानाच्या भिंतीशीच टाकून दिलेला. रक्त पुसून, तेल लावून आणलेला. तिने तो कट्ट्यावर बंदुकीशेजारी ठेवला आणि गळ्याखालचं बक्कल बोटाने दाखवलं. पट्टा तुटलेला नव्हता, ताणलेला नव्हता. कुणीतरी हाताने नीट सोडलेला होता. बाई आणि वैद्य दोघांनीही तोफेकडे बघितलं. लेक काजळीजवळ गेली, तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली आणि चार वर्षांत पहिल्यांदा बापाशी बोलली.

"बाबा, आधी काय?"

"पट्टे," तो म्हणाला.

"मग?"

"गाडी मागे."

"मग?"

तो पुढे झाला आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिला, तिच्या डाव्या बाजूला, कारण उजवीकडे घोडी होती. हे सगळ्यांसमोर सांगायचं बळ त्याच्यात नव्हतं. निदान तिला सांगावं, मग तीच काय ते करेल. तो तिच्या कानाशी वाकला आणि पुटपुटला, "झापडं मी काढली गं. मी विचारलंच नाही. काजळीचा काही दोष नाही."

लेक तशीच उभी. तिने मान वळवली नाही, पापणी हलवली नाही.

तोफेच्या डोक्यात सणक गेली. एवढं काळीज उपटून पोरीपुढे ठेवलं आणि ती ढुंकून बघत नाही. त्याने तिचा खांदा धरून तिला खसकन आपल्याकडे वळवलं. ती दचकली आणि तिचा हात झटक्यात वर गेला, डावा, कोपरातून वाकलेला, कानावर. आणखी एक थप्पड येणार म्हणून.

मग तिने हात खाली घेतला.

"काही म्हणालात का?" ती म्हणाली. "त्या बाजूने बोलू नका, बाबा. त्या कानाने मला ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

"तुम्हाला माहीत आहे कधीपासून."

काजळीने खुराने जमीन खरवडली. तोफ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. वाकडी मान, डावीकडे वळवलेलं तोंड. उजवा कान पुढे करून, मागून येणाऱ्या चाकांचा आवाज निम्म्याने ऐकत, तिने चार वर्षं बग्गी हाकली होती. तशी हाकून त्याला हरवलं होतं. आणि तो लोकांना सांगत फिरला होता की हे मी शिकवलेलं नाही.

त्याला घोडीला वळसा घालून जावं लागलं. काजळीच्या मागून, तिच्या शिवलेल्या खांद्यावरून, बाईंच्या आणि वैद्याच्या समोरून. वीस पावलं असतील. मग लेकीच्या उजव्या बाजूला, काजळीच्या गळ्याशी आला आणि त्याने तोंड उघडलं. तोफेचा आवाज म्हणजे तोफेचा आवाज. तो फाटकाबाहेर उभ्या दाणेवाल्यापर्यंत गेला.

"झापडं मी काढली. पट्टे सुटले का हे न विचारता काढली. घोडीची चूक नाही. माझी आहे." मग जरा थांबून, तेवढ्याच मोठ्याने: "आणि चार वर्षांपूर्वी हिने झापडं काढली नव्हती. हात नुसता वर नेला होता. तीही चूक माझीच आहे."

अध्यक्षाबाईंनी सातव्या कलमाखाली त्याचं नाव लिहिलं. खरं नाव त्यांना विचारावं लागलं. वैद्याने बंदूक पिशवीत टाकली आणि जखमेला लावायचं मलम बाहेर काढलं. लेकीने कट्ट्यावरचा लगाम उचलून आपल्या खांद्यावर टाकला. बापाला माफ केलं असं ती पुढे कधी म्हणाली नाही.

काजळीच्या खांद्यावर वीतभर वण आहे. धाकटा काठी घेऊन चालतो आणि काठीच्या टोकाला छोटं चाक लावू का म्हणून लोकांना विचारतो. तोफ लगामाला हात लावत नाही. त्याला पट्टे सोडायची मुभा आहे, फक्त पट्टे. पुढच्या वर्षी जुन्या बग्ग्यांच्या दिवशी लेक मैदानातून काजळीला घेऊन कडेला आली. तो पलीकडच्या बाजूला वाकला आणि चामडं घामाने फुगलेलं असल्यामुळे त्याला वेळ लागला. तीन बोटांना तसाही लागतोच.

"सुटले?" तिने विचारलं.

त्याने कडी काढली, मान वर केली, आणि ती उजवा कान इकडे वळवेपर्यंत थांबला.

"सुटले," तो म्हणाला.